खोटी साक्ष : संशोधनातील वाङ्मयचौर्याचा नैतिक विचार

दुसऱ्याचे लेखन, विचार, निष्कर्ष किंवा जमवलेली माहिती मूळ कर्त्याचा निर्देश न करता स्वतःच्या नावावर मांडणे याला वाङ्मयचौर्य म्हणतात. संशोधनाच्या क्षेत्रातील ही सर्वांत परिचित लबाडी असली, तरी तिच्यात नेमके काय चुकते या प्रश्नाचे उत्तर वरवर दिसते तितके सरळ नाही. चोरीच्या नेहमीच्या कल्पनेत एकाचे जाते आणि दुसऱ्याला मिळते. गाय चोरीला गेली की गोठा रिकामा होतो. प्रबंधातले प्रकरण उचलले गेले तर मात्र मूळ प्रबंध एका अक्षरानेही उणा न होता ग्रंथालयात जिथल्या तिथे राहतो. मूळ लेखक हयात नसला, त्याला वारस नसले, भारतीय कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे उलटून त्या ग्रंथावरचा स्वामित्वहक्क संपलेला असला, तरीही असे लेखन स्वतःच्या नावावर छापणे गैरच ठरते. याउलट एखाद्या महागड्या पाठ्यपुस्तकाची पाने विद्यार्थ्यांनी झेरॉक्स करून घेतली तर प्रकाशकाचे उत्पन्न बुडते आणि वाद न्यायालयात जातो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्धचा असा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला. त्या पानांवर मूळ लेखकाचे नाव तसेच असल्यामुळे वाङ्मयचौर्याचा प्रश्न मात्र तिथे उद्भवतच नाही. स्वामित्वहक्काचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन गोष्टी कधीकधी एकत्र येतात, पण त्या एक नव्हेत.

ही अडचण आणखी स्पष्ट होते ती स्वतःच्याच लेखनाच्या पुनर्वापराच्या बाबतीत. जुना शोधनिबंध शीर्षक बदलून नवा म्हणून दुसऱ्या नियतकालिकाला पाठवणे हा आज सर्वत्र दोष मानला जातो. पण स्वतःचीच वस्तू माणूस चोरणार कशी? दोष चोरीचा असेल तर हे उदाहरण त्यात बसत नाही, आणि हे उदाहरण दोषाचेच असेल तर चोरीखेरीज दुसरी कोणती तरी कल्पना शोधावी लागते. ती शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. भारतीय धर्मविचाराने अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, जो ऊहापोह केला आहे त्यातच ती आहे. फक्त अस्तेयाच्या नेहमीच्या व्याख्येत नाही.

पतंजलीने योगसूत्रांत अहिंसा आणि सत्य यांच्यानंतर अस्तेयाची गणना यमांत केली, आणि व्यासभाष्याने त्याचा अर्थ केवळ परद्रव्य न घेणे एवढाच न ठेवता त्याची अभिलाषाही नसणे असा वाढवला. जैन परंपरेत उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्राने न दिलेले घेणे अशी चोरीची व्याख्या केली असून व्रताला बाध आणणारे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, खोटी वजने-मापे वापरणे यांच्याबरोबर प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी तसेच दिसणारे हिणकस किंवा बनावट खपवणे, हाही एक आहे. ही यादी व्यापारी श्रावकाच्या जीवनातून आलेली दिसते, आणि तिच्यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. खोट्या मापाने किंवा बनावट मालाने जो नाडला जातो तो मालाचा मूळ धनी नव्हे, तर विश्वासाने समोर उभा असलेला गिऱ्हाईक होय. चोरीच्या कल्पनेत फसवणूक शिरली की नुकसान कोणाचे हा प्रश्न असा बाजू बदलतो.

मनुस्मृतीत या दोन्ही बाजू शेजारी शेजारी सापडतात. दुसऱ्या अध्यायात, गुरूच्या अनुज्ञेवाचून, कोणी अध्ययन करीत असता नुसते ऐकून वेद मिळवणाऱ्याला ब्रह्मस्तेयाचा, म्हणजे वेद चोरल्याचा, दोष लावून नरकाची धमकी दिली आहे. चौथ्या अध्यायात वेगळेच विधान येते : जो सज्जनांसमोर आपण जसे नाही तसे स्वतःला सांगतो तो स्वतःलाच चोरणारा सर्वांत मोठा पापी होय, आणि सर्व व्यवहार वाणीवर आधारलेले असल्यामुळे जो वाणीची चोरी करतो त्याने सगळ्याचीच चोरी केली असे होते. पहिल्या विधानात ज्ञान ही मालमत्ता आहे आणि तिच्याभोवती कुंपण आहे. हे कुंपण कोणाला बाहेर ठेवण्यासाठी होते हे निराळे सांगायला नको, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले त्यामागे अशाच कुंपणांचा इतिहास होता. दुसऱ्या विधानात मालमत्ता नाही, कुंपण नाही. आहे ती बोलणारा आणि ऐकणारे यांच्यातील विश्वासाची व्यवस्था, आणि गुन्हा आहे तो ती बिघडवण्याचा. संशोधनातील प्रामाणिकपणाचा पाया पहिल्या कल्पनेवर घालता येत नाही, कारण ज्ञानावर मालकी सांगणे आणि ज्ञानापासून लोकांना वंचित ठेवणे यांत फारसे अंतर नसते. दुसऱ्या कल्पनेवर तो घालता येतो.

या कल्पनेचे सर्वांत रेखीव रूप पाली विनयपिटकात आहे. विनय म्हणजे भिक्षुसंघाचे नियमशास्त्र, आणि त्यात पाराजिक या नावाचे चार अपराध सर्वांत भारी मानले आहेत. त्यांपैकी एकही घडला तर भिक्षू संघात राहू शकत नाही. दुसरे पाराजिक चोरीचे आहे. चौथे पाराजिक मात्र चोरीचे नसून अंगी नसलेली लोकोत्तर सिद्धी अंगी असल्याचे सांगण्याचे आहे. त्याची मूळकथा अशी : वज्जींच्या देशात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीच्या काठी वर्षावासाला राहिलेल्या भिक्षूंनी भिक्षा मिळावी म्हणून गृहस्थांसमोर एकमेकांची स्तुती सुरू केली, की अमक्याला अमुक ध्यान साधले आहे, तमका अर्हत् आहे. लोकांनी स्वतः न खाता, बायकामुलांना न देता, त्या थोर भिक्षूंना अन्न दिले. वर्षावास संपल्यावर इतर ठिकाणचे भिक्षू हाडांचे सापळे होऊन बुद्धाच्या भेटीला आले आणि हे मात्र धष्टपुष्ट.

त्या प्रसंगी बुद्धाने पाच महाचोर सांगितले आहेत. शेकडो अनुयायी भोवती जमवून मानसन्मान मिळवत हिंडण्याची हाव धरणारा भिक्षू हा पहिला; शुद्ध ब्रह्मचाऱ्यावर खोटा आळ घेणारा तिसरा; संघाच्या मालकीच्या मोठ्या वस्तू देऊन गृहस्थांना आपलेसे करणारा चौथा; आणि अंगी नसलेल्या सिद्धीचा दावा करणारा पाचवा, जो सर्व चोरांत अग्रगण्य म्हटला आहे. या सर्वांत दुसरा महाचोर प्रस्तुत विषयाला अगदी थेट भिडतो : तथागताने सांगितलेला धर्म आणि विनय शिकून घेऊन तो स्वतःचाच म्हणून मिरवणारा भिक्षू. वाङ्मयचौर्याची याहून नेमकी व्याख्या प्राचीन वाङ्मयात क्वचितच मिळेल. तिचे वैशिष्ट्य असे की इथे लुबाडला गेलेला माणूस बुद्ध नव्हे. धर्म शिकण्यासाठीच सांगितला होता, तो दिलेलाच होता, त्यामुळे जैन व्याख्येप्रमाणेही ही चोरी ठरणार नाही. पाचव्या महाचोराला चोर का म्हणावे याचे जे कारण तिथे दिले आहे तेच इथेही लागू पडते : त्याने राष्ट्राचे अन्न चोरून खाल्ले. अन्न तर दात्यांनी स्वतःच्या हाताने वाढले होते. पण ते ज्याला वाढले असे त्यांना वाटत होते तो माणूस तिथे नव्हताच.

या नियमाला एक अपवाद जोडलेला आहे, आणि संशोधनसंस्थांच्या नियमकर्त्यांनी तो लक्षात घेण्यासारखा आहे. एखाद्या भिक्षूला खरोखरच आपल्याला सिद्धी मिळाली असे वाटत असेल आणि त्या गैरसमजातून तो तसे बोलला असेल, तर तो दोषी नाही. याला अधिमान, म्हणजे स्वतःविषयीचा प्रामाणिक चुकीचा अंदाज, असे म्हटले आहे. संशोधक चुकू शकतो, आधी कोणी सांगून गेले आहे हे न कळता तेच पुन्हा सांगू शकतो. अज्ञान हा अभ्यासातला उणेपणा आहे, अपराध नव्हे.

आता प्रश्न असा उरतो की विधान खरे असेल तर ते कोणी सांगितले याने काय फरक पडतो. पाणी शंभर अंशांना उकळते हे कोणाच्याही नावाने सांगितले तरी पाणी तिथेच उकळते. या आक्षेपाचे उत्तर न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाच्या चर्चेत आहे. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि शब्दप्रमाण म्हणजे विश्वसनीय माणसाच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. असा विश्वसनीय माणूस, ज्याला आप्त म्हणतात, कोण हे सांगताना भाष्यकार वात्स्यायनाने जात, पंथ, आश्रम यांपैकी काहीही निकष मानलेला नाही. ज्याला त्या गोष्टीचे साक्षात ज्ञान आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. याचा अर्थ असा की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी तपासता आल्या पाहिजेत : सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले होते का, आणि पाहिले तसेच तो सांगतो आहे का. संशोधनग्रंथातील तळटीप हे काम करते. ती उपकारांची पोचपावती नसून त्या विधानाच्या आप्ताचा पत्ता असते. तो पत्ता खोडून त्या जागी स्वतःचे नाव लिहिणारा माणूस, विधान खरे असले तरी, वाचकाला चुकीच्या दारात पाठवतो. तिथे विचारणा केली तर उत्तर देऊ शकेल असे कोणी नसते, कारण तिथल्याने काही पाहिलेलेच नसते.

यातून होणारे नुकसान केवळ तात्त्विक नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी जी पद्धत पाळली तिचे एक मूळ तत्त्व असे की हस्तलिखिते मोजायची नसून तोलायची असतात. एकाच मूळ पोथीवरून उतरवलेल्या वीस प्रतींत एखादा श्लोक सापडला तर त्याला वीस साक्षीदार मिळाले असे होत नाही. साक्षीदार एकच, बाकीचे त्याचे प्रतिध्वनी. ज्या प्रतीने आपले मूळ लपवले आहे ती स्वतंत्र साक्षीदाराचा आव आणते आणि संपादकाची फसगत करते. चोरलेला शोधनिबंध हेच करतो. वैद्यकात तर हा प्रकार मोजूनही झाला आहे. उलट्या थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधावरील चाचण्यांचे अहवाल एकत्र करून पाहणाऱ्या संशोधकांना १९९७ मध्ये असे आढळले की काही चाचण्यांची तीच माहिती वेगळ्या लेखकांच्या नावाने, एकमेकांचा उल्लेख न करता, पुन्हा छापली गेली होती, आणि हे दुहेरी अहवाल न ओळखता हिशेबात धरले तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी जास्त दिसत होता. इथे कोणाचे काही चोरीला गेले म्हणावे, तर नाही. माहिती त्यांचीच, लेखही त्यांचेच. पण एकाची साक्ष दोघांची म्हणून नोंदली गेली, आणि औषध किती लागू पडते याविषयी डॉक्टरांचा अंदाज त्या साक्षीवर बसणार होता. स्वतःच्या लेखनाचा छुपा पुनर्वापर हा दोष का, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे स्वतःला परंपरेचे अभिमानी समजतात. त्यांचे म्हणणे असे की लेखकाची मालकी ही पाश्चात्त्य कल्पना असून आपल्याकडे शब्द कोणाचेच नव्हते. व्यासांच्या नावावर शतकानुशतके लोक लिहीत गेले, संतांच्या नाममुद्रेखाली इतरांचे अभंग मिसळले, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे आणि शेवटचा साफ खोटा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती वावगे वाटल्यामुळेच. पाठांतराच्या आणि नकलांच्या ओघात ग्रंथात अशुद्धे शिरली होती. ती दूर केल्यावर त्यांनी पुढच्यांना बजावले की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घेणे आणि आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणे ही एकाच लबाडीची दोन तोंडे आहेत, आणि एकनाथांचा रोख दुसऱ्या तोंडावर आहे. ते स्वतः कवी होते, त्यांच्या ओव्या कोणाला हिणकस वाटल्या नसत्या. तरीही ज्ञानदेवांची साक्ष ज्ञानदेवांचीच राहावी एवढाच त्यांचा आग्रह होता.

तुकारामांचे उदाहरण याहून बोलके आहे. आपण बोलतो ते आपले नव्हे, बोलविता धनी वेगळाच आहे, अशी भूमिका त्यांच्या अभंगांत वारंवार येते. शब्दांवर मालकी सांगण्याची शक्यताच या भूमिकेने संपते. तरीही सालोमालो नावाच्या माणसावर, जो त्यांचे अभंग फिरवून स्वतःच्या नावाने म्हणत असे, त्यांनी कडक शब्दांत कोरडे ओढले आहेत. मालकी नाकारणारा माणूस इतका का चिडावा? तक्रार अशी आहे की हे लोक संतांच्या बोलांची मोडतोड करून त्यांनी स्वतःला सजवतात आणि सगळीच भेसळ करून टाकतात. आपले काही गेले असे तुकाराम म्हणत नाहीत. अनुभवावाचून अनुभवाची भाषा बोलली जात आहे आणि ऐकणाऱ्यांची फसगत होत आहे, हा त्यांचा सल आहे. वग्गुमुदेच्या काठचे भिक्षू आणि सालोमालो यांच्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी अपराध एकच आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न निराळ्या अंगाने हाताळला, कारण काव्यात साम्य अटळ असते आणि प्रत्येक साम्याला चोरी म्हणता येत नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्योतात कवींच्या उक्तींमधील साम्याचे तीन प्रकार केले : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि दोन माणसांच्या देहांत असते तसे. पहिल्यात स्वतःचे असे काहीच नाही, दुसऱ्यात आहे ते नाव घेण्याजोगे नाही, म्हणून दोन्ही टाळावीत. तिसरे मात्र चालेल, कारण दोन माणसे दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाचा जीव निराळा असतो. त्याच्यानंतर थोड्याच काळाने राजशेखराने, ज्याच्या पूर्वजांचा संबंध महाराष्ट्राशी सांगितला जातो, काव्यमीमांसेत हरण, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांचे व अर्थांचे उचलणे, या विषयाला अध्यायच्या अध्याय दिले आणि चोरी न केलेला कवी नाही तसा वाणीही नाही, ज्याला लपवता येते त्याचे नाव राहते, असा रोखठोक अभिप्राय दिला. त्याची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिने उचलेगिरीच्या सबबींची जी जंत्री दिली आहे ती वाचताना हसू आवरत नाही : तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, हे जाणणारे आता कोणी उरले नाहीत, याचा कर्ता दूरदेशी असतो, मूळ ग्रंथच नाहीसा झाला आहे. विद्यार्थ्याच्या प्रबंधातला भाग स्वतःच्या पुस्तकात घालणाऱ्या आजच्या प्राध्यापकाला यात भर घालण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. राजशेखराचा मोकळेपणा काव्यापुरता मान्य करता येतो, कारण काव्य हे वस्तुस्थितीविषयीची साक्ष म्हणून वाचले जात नाही. शोधनिबंध तसाच वाचला जातो.

साम्य केव्हा निर्दोष आणि केव्हा सदोष हे ठरवणे किती अवघड असते याचा दाखला भारतीय तत्त्वज्ञानाच्या आधुनिक इतिहासलेखनातच आहे. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या भारतीय तत्त्वज्ञानावरील ग्रंथाचा दुसरा खंड १९२७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्यातील काही भाग आपल्या अप्रकाशित प्रबंधातून घेतल्याचा आरोप जदुनाथ सिन्हा यांनी १९२९ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकातून जाहीरपणे केला. दोघांनीही एकमेकांवर दावे लावले आणि १९३३ मध्ये प्रकरण आपसात मिटले, त्यामुळे न्यायालयाचा निर्णय झालाच नाही. बचावाचा मुख्य मुद्दा असा होता की दोघांनी त्याच संस्कृत ग्रंथांचे इंग्रजीत विवरण केले, तेव्हा शब्द सारखे येणारच. हा मुद्दा तत्त्वतः पोकळ नाही. ठरावीक पारिभाषिक संज्ञा असलेल्या सूत्राचे दोन प्रामाणिक अनुवाद बरेचसे सारखे असू शकतात. म्हणूनच अशा ठिकाणी निर्णय केवळ शब्दांच्या सारखेपणावर होत नाही. उताऱ्यांची निवड, त्यांचा क्रम, आणि विशेषतः चुका सारख्या आहेत का हे पाहावे लागते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हे फार जुने ठाऊक आहे : दोन पोथ्या बरोबर पाठात जुळल्या तर काही सिद्ध होत नाही, एकाच चुकीत जुळल्या तर त्यांचे नाते उघडे पडते.

आजची व्यवस्था नेमकी शब्दांच्या सारखेपणावर उभी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास कोणतीही शिक्षा नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करायचा, साठ टक्क्यांपर्यंत वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास बंदी, आणि त्यावर नोंदणी रद्द. अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, प्रमाणित समीकरणे आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे अंश मोजणीतून वगळले जातात. हजारो प्रबंधांच्या ढिगाऱ्यात अशी काहीतरी गाळणी हवी हे मान्य. पण टक्केवारीला नैतिक मापाचे स्थान मिळाले की विद्यार्थी प्रामाणिक होत नाही, तो टक्के कमी करायला शिकतो. विद्यापीठांच्या परिसरात प्रबंध टंकून देणाऱ्यांच्या दरपत्रकात ‘साम्य कमी करून देणे’ हे काम निराळे धरले जाऊ लागते, आणि शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून एखाद्याचा विचार मुळापासून उचलला तरी अहवाल निर्मळ येतो. मराठीतील लेखनाला तर ही गाळणी आणखी ढिली आहे, कारण इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवले की यंत्राच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. आनंदवर्धनाच्या भाषेत ते प्रतिबिंबच असते, फक्त आरसा बदललेला असतो. दुसरीकडे, इंग्रजी ही तिसरी भाषा असलेला विद्यार्थी पद्धतीचे वर्णन करताना मान्य ठशाची वाक्ये वापरतो आणि त्याचे टक्के वाढतात. संगणकाच्या भाषाप्रणालीकडून लिहवून घेतलेल्या मजकुराने तर मालकीवर आधारलेली सगळी कल्पनाच कोसळते, कारण तिथे ज्याचे चोरले असा माणूस दाखवताच येत नाही. खोट्या साक्षीची कल्पना मात्र तिथेही टिकते : न वाचलेल्या ग्रंथांचा आढावा आणि न केलेल्या विचाराचा निष्कर्ष स्वतःचा म्हणून सही करून दिलेला असतो.

सहीचा प्रश्न निघाला की मार्गदर्शकाकडे, ज्याला विद्यापीठांत सर्रास ‘गाइड’ म्हणतात त्याच्याकडे, वळावे लागते. हाताखालच्या विद्यार्थ्याच्या प्रत्येक निबंधावर विभागप्रमुखाचे नाव घालण्याची रीत काही ठिकाणी इतकी रुळलेली आहे की तिला सौजन्य समजले जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या ज्या अटी घातल्या आहेत त्यांत २०१३ मध्ये चौथी अट जोडली गेली, ती अशी की लेखाच्या प्रत्येक अंगाबद्दल जबाब देण्याची तयारी असेल तरच लेखक म्हणून नाव यावे. ही अट वात्स्यायनाच्या आप्ताची अट आहे. ज्याने प्रयोग पाहिला नाही त्याचे नाव आदराने घातले तरी ती बनावट साक्षच असते, आणि एकनाथांच्या करवंटीची आठवण इथे अस्थानी होणार नाही.

श्रेय आणि साक्ष यांचे नाते किती नाजूक असते हे धर्मानंद कोसंबी यांच्या बाबतीत दिसते. गोव्यातील सांखवाळ गावी जन्मलेले, पुण्यात पाली शिकवणारे आणि ‘बौद्धसंघाचा परिचय’ या पुस्तकातून विनयाचे नियम मराठी वाचकांपर्यंत नेणारे कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते हेन्री क्लार्क वॉरन यांनी आरंभलेले आणि त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करण्यासाठी. संपादनाचे श्रेय कोणाकडे किती जावे यावरून तिथले प्राध्यापक आणि वॉरन यांचे मित्र लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन ते १९१२ मध्ये परतले. पुढे अनेकदा अमेरिकेला जाऊन त्यांनी ते काम तडीस नेले, पण हार्वर्डची आवृत्ती प्रत्यक्षात निघाली ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. तिच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून, म्हणजे संपादन तपासून दुरुस्त करणारा या अर्थाने, कोसंबींचे नाव आहे. त्याआधी १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने कोसंबींनी संपादलेली देवनागरी आवृत्ती काढली होती. या वादात कोणाची बाजू किती बरोबर हा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते. मृत मित्राने सुरू केलेल्या कामावर त्याचे नाव राहावे ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण अमुक पाठ का स्वीकारला असे एखाद्या अभ्यासकाने विचारले तर उत्तर कोण देणार, हे मुखपृष्ठावरून कळले पाहिजे, आणि ते सांगण्याचा आग्रह धरणे म्हणजे अहंकार नव्हे.

दोषाचे निदान बदलले की उपायही बदलतो. चोरी असेल तर माल परत करून आणि दंड भरून हिशेब मिटतो. आयोगाच्या विनियमांतील प्रकाशित लेखनाविषयीच्या शिक्षाही, म्हणजे लेख मागे घेणे, वेतनवाढ रोखणे, दोन किंवा तीन वर्षे नवे विद्यार्थी न देणे, याच धाटणीच्या आहेत. खोटी साक्ष असेल तर ती जिथे दिली गेली तिथेच, सर्वांना दिसेल अशी, दुरुस्त व्हावी लागते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी पॉल टिलिक आणि हेन्री वीमन यांच्या ईश्वरकल्पनांवर बोस्टन विद्यापीठाला १९५५ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात इतरांचे उतारे निर्देशाशिवाय घेतल्याचे चौकशी समितीने १९९१ मध्ये मान्य केले. धर्मपीठावरच्या प्रवचनात पूर्वसूरींचे बोल मोकळेपणी घेण्याची परंपरा आणि प्रबंधाची शिस्त यांतले अंतर त्या प्रकरणात पुरेसे दिसून आले. समितीने पदवी काढून घेण्याची शिफारस केली नाही. ग्रंथालयातील प्रतीला या निष्कर्षाचे पत्र जोडावे असे ठरवले. भांडारकर संस्थेच्या महाभारतातही संहितेतून वगळलेले श्लोक फेकून दिलेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितांत आहेत याच्या नोंदीसह, छापलेले आहेत. नियतकालिकांच्या संपादकांसाठी प्रकाशन-नीतीचे संकेत ठरवणारी समितीही हेच सांगते, की लेख मागे घेताना तो कोणी आणि कोणत्या कारणाने मागे घेतला हे निवेदनात स्पष्ट लिहावे आणि ते निवेदन कोणालाही विनामूल्य वाचता यावे. अनेक नियतकालिके आणि काही विद्यापीठे संस्थेची अब्रू जपण्यासाठी असा लेख किंवा प्रबंध संकेतस्थळावरून गुपचूप काढून टाकतात. तोवर त्याचे संदर्भ इतरांच्या लेखनात गेलेले असतात, आणि त्या लेखकांना आपण कोणत्या साक्षीवर विसंबलो होतो हे कळण्याचा मार्ग त्यानंतर उरत नाही.